जुना लॅपटॉप, नवी प्रणाली आणि आपली दप्तरे

(राहुरी येथे तालुक्यातील महिला गट आणि समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचा अनुभव’ असे लिहिले आहे. ते वाचून चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारले, हे तर कॉम्प्युटर क्लासचे काम, आपल्या बैठकीत कशाला? सकाळी आपण पोटगीच्या अंमलबजावणीवर दोन तास बोललो ना? माझे बोलणे हा त्याचाच पुढचा भाग समजा. बाई ज्या कागदाच्या आधाराने कोर्टात उभी राहते तो कागद हल्ली बऱ्याचदा कॉम्प्युटरमध्ये असतो. कॉम्प्युटर उघडेना झाला की वाळवीने फाईल खाल्ली काय आणि मशीन बंद पडले काय, बाईला सारखेच.

आमच्या केंद्रात २००९ साली देणगीतून एक लॅपटॉप घेतला. त्या आधीची सगळी प्रकरणे वहीत. २००९ ते २०१७ या काळातले तक्रारअर्ज, दोन्ही बाजूंच्या बैठकांची टिपणे, समझोत्याचे मसुदे, पोलीस ठाण्याला दिलेली पत्रे, सगळे त्या लॅपटॉपवर टाइप झाले. पुढे दुसरा लॅपटॉप आला आणि हा कपाटात गेला. कधी जुने काही शोधायचे असले की बाहेर काढायचा, सुरू व्हायला पाच मिनिटे, मध्येच हँग व्हायचा, बॅटरी तर केव्हाच संपलेली. वीज गेली की खेळ खलास. राहुरीत वीज कशी येते-जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलून सांगते आहे. २०१२ मध्ये त्यांचे प्रकरण आमच्याकडे आले होते. नवऱ्याने मारहाण करून घराबाहेर काढले, आम्ही दोन बैठका घेतल्या, दुसऱ्या बैठकीत त्याने सगळ्यांसमोर कबूल केले की माझ्याकडून हात उचलला गेला, दरमहा दीड हजार रुपये देईन. तसा मसुदा झाला, सह्या झाल्या. चार-पाच महिने पैसे आले, मग थांबले. बाई मजुरी करून मुलांना वाढवत राहिल्या. आता शरीर थकले. त्यांनी पोटगीचा अर्ज केला, म्हणजे पूर्वीचे १२५ कलम, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झाले आहे. नवऱ्याने लेखी म्हणणे दिले की ही स्वतःहून निघून गेली, मी कधी बोटही लावले नाही, आणि समझोता वगैरे काही झालाच नाही. बाईंकडची प्रत त्यानेच केव्हा फाडून टाकली होती. आमच्याकडच्या सहीच्या प्रतीला वाळवी लागली. राहिली ती लॅपटॉपमधली फाईल आणि आवक रजिस्टरमधली एक ओळ.

फाईल सापडली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, चिन्हे, आकडे यांची खिचडी. मधूनमधून एखादा अल्पविराम तेवढा ओळखू येत होता.

असे का होते ते नीट समजून घेऊ, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाटात हेच पडलेले आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी टाइप करायचे म्हणजे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी पॅकेजे होती. कॉम्प्युटरला तेव्हा देवनागरी समजत नव्हती. या पॅकेजांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रे बसवली. आपण ‘क’ बघत होतो, कॉम्प्युटर मात्र आत भलतेच एखादे इंग्रजी अक्षर साठवत होता. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्या त्या कंपनीचा फॉन्ट असेल तरच मजकूर वाचता येणार, फॉन्ट गेला की मजकूर मुका. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांकपद्धत देणारी युनिकोड नावाची व्यवस्था १९९१ मध्येच आली आणि तिच्यात देवनागरी पहिल्यापासून होती. पण ती आपल्या टेबलापर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षे लागली. तोवर मराठी चळवळींची किती पत्रके, अहवाल, अंक, जबान्या या कुलूपबंद फॉन्टांत अडकल्या असतील याचा विचार केला की मला खरोखर धस्स होते. आपण म्हणतो, बायकांचा इतिहास लिहिला जात नाही. इथे तर लिहिलेला आहे आणि वाचता येत नाही.

आता लॅपटॉपकडे वळते. आमच्या बैठकीत तीन मते पडली. एक, भंगारात द्या आणि नवा घ्या. दोन, दुकानात देऊन ‘फॉरमॅट मारून’ आणा. तीन, आपणच काही करू.

नवा घ्यायला पैसे नव्हते, हे एक. दुसरे, भंगारात दिला तरी आतली डिस्क तशीच राहते. फाईल डिलीट केली किंवा साधा फॉरमॅट केला तरी मजकूर पुसला जात नाही. अनुक्रमणिका फाडली तरी पुस्तकाची पाने राहतात, तसे ते असते. सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. आमच्या डिस्कवर आठ वर्षांच्या बायकांची नावे, गावे, कोणी काय केले, कोणाच्या मुलीवर काय ओढवले, सगळे होते. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पूर्वीचे २२८-अ. कायदा बाजूला ठेवला तरी बाईने आपल्यावर विश्वास टाकून सांगितलेले असते. दुकानात देण्याची हरकत हीच. तालुक्याच्या गावात दुकानदार कोणाचा तरी मेहुणा असतोच. वांबोरीच्या बाईची तक्रार राहुरीच्या दुकानात उघडी पडली तर ती संध्याकाळच्या आत वांबोरीला पोचते. त्या दुकानातला पोरगा वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. त्याच्या हातात कुलपाविना कपाट देण्याची पाळी आपण आणू नये, एवढेच.

म्हणून तिसरा मार्ग. त्यात मी होते, आमच्या सगळ्यांच्या मावशी होत्या, ज्या आज साठीच्या पुढे आहेत, आणि ब्राह्मणीची एक बारावी झालेली मुलगी, जिने एमएस-सीआयटी केले होते. ती म्हणाली, ‘ताई, मला विंडोज येतं. विंडोज टाकायला नाही शिकवलं कोणी.’ खरेच आहे ते. २००१ मध्ये एमकेसीएल निघाल्यापासून महाराष्ट्रात लाखो मुलामुलींनी तो कोर्स केला. माउस धरायची भीती गेली, ही फार मोठी गोष्ट. पण यंत्राच्या आत हात घालणे हे ‘दुकानातल्या दादाचे’ काम राहिले. मिक्सर दुरुस्तीचे, स्कूटरचे, मोटर पंपाचे जे झाले तेच कॉम्प्युटरचे झाले: बाई वापरणार, बाप्या उघडणार.

गंमत पहा. १९४५-४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाचे अवाढव्य यंत्र उभे राहिले. त्याला काम शिकवणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत प्रोग्रॅम करणाऱ्या, सहा बायका होत्या. जुन्या फोटोंत त्या यंत्राशेजारी उभ्या दिसतात, आणि कित्येक वर्षे त्यांची नावेही कोणी लिहीत नव्हते. जोपर्यंत हे काम कारकुनी समजले जात होते तोपर्यंत ते बायकांचे होते.

तर, कोणती प्रणाली घालायची? लॅपटॉपवर विंडोज ७ होते. त्याची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवली. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ च्या फेब्रुवारीत त्याची साथ सोडली. म्हणजे अशा मशीनवर नव्या वेबसाइटी धड उघडत नाहीत. कोर्टाच्या पुढच्या तारखा बघायची ई-कोर्टाची साइट आपल्याला रोज लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, आमच्या मशीनवर ते अधिकृतपणे चढणारच नव्हते. आणि हे फक्त आमच्यासारख्या म्हाताऱ्या मशीनचे दुखणे आहे असे समजू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मिळाली, पण मुदत ती मुदतच. तुमच्या गटाने २०१५-१६ मध्ये घेतलेला, आजही धडधाकट चालणारा लॅपटॉप याच रांगेत उभा आहे. यंत्र चालू असताना त्याला म्हातारे ठरवायचे आणि नवे घ्यायला लावायचे, हा बाजाराचा न्याय आहे.

आम्ही लिनक्स घेतले, त्यातले डेबियन. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला सुरुवात केली. त्याही आधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली होती. मुक्त म्हणजे नुसते फुकट असा अर्थ नाही. कोणीही वापरावे, आत काय आहे ते वाचावे, बदलावे, दुसऱ्याला वाटावे, अशी ती मुक्ती. डेबियन १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केले आणि त्याचे नाव डेब्रा या त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या आणि स्वतःच्या नावाचा जोड आहे. मावशी म्हणाल्या, ‘बाईचं नाव आधी लावलं, बरं केलं.’ आपल्याकडेही हे नवे नाही. सी-डॅकने २००७ मध्ये काढलेले ‘बॉस’ हे डेबियनवरच उभे आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकत आहेत. आमच्यापैकी कितीतरी संस्था चोरीचे विंडोज वापरत आल्या. दुसऱ्याला कायदा शिकवणाऱ्या संस्थांनी हे करावे, हे मला कधीच पटले नाही.

आता प्रत्यक्ष काम. ज्यांना करायचे आहे त्यांनी लिहून घ्या, बाकीच्यांनी ऐका, कंटाळा आला तर भजी अजून गरम आहेत.

सगळ्यात आधी जुनी डिस्क. ती कुरकुर आवाज करत होती, म्हणजे तिचे दिवस भरलेले. अशा डिस्कवर काही लिहायचे नाही, तिच्यावरून विंडोज सुरूही करायचे नाही. आम्ही पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. ते काहीही न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, हा त्याचा मोठा गुण. मशीन चालू करताना एफ-१२ किंवा कंपनीनुसार दुसरी एखादी कळ दाबली की ‘कशावरून सुरू करू’ असे विचारते. मग ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या आज्ञेने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत बाहेरच्या नव्या डिस्कवर घेतली. ही आज्ञा खराब जागा आल्या तर तिथे अडून बसत नाही, चांगला भाग आधी उचलते आणि मग खराबाकडे परत येते. पुरात आपण आधी पोरेबाळे बाहेर काढतो, मग भांडी, तसे. अडीचशे जीबीला जवळजवळ संपूर्ण दिवस गेला. त्या दिवशी आम्ही इन्व्हर्टर शेजारून मागून आणला.

प्रत झाल्यावर तिचा हॅश काढला. हा शब्द लक्षात ठेवा. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. संपूर्ण मजकुरावर गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ मिळते. मजकुरातला एक काना जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. इंटरनेटवरून उतरवलेले डेबियन धडपणे उतरले की नाही हे तपासायलाही हेच वापरतात. आणि कोर्टातही हेच लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, पूर्वीचे ६५-ब, त्याच्या नमुन्यात आता हॅशचा रकाना आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. वकीलताईंनी हे सांगितले तेव्हा आमच्या ब्राह्मणीच्या मुलीने वहीतून ती ओळ काढून दाखवली. ताई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या.

नंतर मशीनच्या पोटात दोन बदल केले. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घातली आणि रॅम दोनची चार जीबी केली. दोन्ही झाकणे साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतात. मावशींनी ते केले, त्यांचा हात शिवणकामाचा, स्थिर. शिवाय आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली. ती संपली की मशीन दर वेळी तारीख विसरते, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटी उघडत नाहीत. लोक म्हणतात इंटरनेट बिघडले. आमच्यासाठी याला आणखी एक बाजू होती. ज्या दिवसांत ती बॅटरी संपलेली होती त्या दिवसांतल्या फायलींवर भलत्याच तारखा पडल्या आहेत. समोरचा वकील त्यावर बोट ठेवू शकतो. २०१२ च्या फायलींच्या तारखा मात्र रजिस्टरशी जुळत होत्या, त्या आम्ही एकेक पडताळल्या.

बसवणे हे सगळ्यात सोपे निघाले. डेबियनचा बसवण्याचा कार्यक्रम मराठीतूनही चालतो. भाषा निवडायची, कळफलक निवडायचा, नाव, पासवर्ड. मराठी थोडे जडच आहे, सगळीकडे नाही, पण आहे. भाषांतर करणाऱ्यांनी फुकट वेळ देऊन केले म्हणून हसू नये, तरी वाटते की यात आपल्यासारख्या बायका असत्या तर शब्द वेगळे आले असते. तेही दार बंद नाही. ही भाषांतरे कोणीही सुधारू शकते.

एका पायरीवर थांबा. डिस्कचे वाटे कसे पाडू असे विचारतो तिथे ‘एन्क्रिप्टेड’ असा पर्याय आहे. तो घ्याच. त्याने संपूर्ण डिस्कला कुलूप लागते. पासवर्ड नसेल तर लॅपटॉप चोरीला गेला, दुरुस्तीला गेला किंवा कोणी धाक घालून उचलून नेला तरी आतले काही वाचता येत नाही. जुना प्रोसेसर यामुळे थोडा मंद होतो, पण चालते. हा पासवर्ड विसरलात तर जगात कोणीही ते उघडून देऊ शकत नाही. म्हणून आमच्याकडे तो दोघींना तोंडपाठ आहे आणि एका बंद पाकिटात तिसरीकडे आहे. तिसरी कोण हे सांगणार नाही. पडद्याची सजावट हलकी घ्यायची, आम्ही एक्सएफसीई घेतली. दीड तासात सगळे झाले. पूर्वी पाच मिनिटे लागायची तिथे आता मिनिटभरात सुरू होतो.

मग पुन्हा तो मजकूर. जुन्या डिस्कच्या प्रतीतून आमच्या पॅकेजचा फॉन्ट उचलून नव्या मशीनवर ठेवला, लिबरऑफिसमध्ये फाईल उघडली, आणि तेरा वर्षांपूर्वीची अक्षरे समोर उभी राहिली. मी तेव्हा काय केले ते सांगत नाही. मावशींनी चष्मा पुसला.

पण नुसते दिसणे पुरत नाही. असा मजकूर शोधता येत नाही, फोनवर पाठवता येत नाही. म्हणून तो युनिकोडमध्ये बदलायचा. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण डोळे मिटून विश्वास टाकू नका. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘किरण’मधली वेलांटी आपण आधी बघतो, म्हणून ती आधी साठवलेली. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचे उलटे. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चारात आधी येतो. परिवर्तकाने एवढी अक्कल वापरली नाही तर ‘अर्चना’ची ‘अचर्ना’ होते. तक्रारदार बाईचे नावच बदलले की कागदाची किंमत काय राहिली? आकड्यांकडे तर दुप्पट लक्ष द्यायचे. म्हणून आम्ही जोडीने वाचन केले. एकजण जुन्या फॉन्टातला मूळ मजकूर मोठ्याने वाचणार, दुसरी बदललेल्या मजकुरावर बोट ठेवून बघणार. मूळ फाईलला हात लावायचा नाही, बदललेली वेगळ्या नावाने ठेवायची. रोज एक तास, आठवड्यातून चार दिवस, अजून चालू आहे. २०१३ पर्यंत आलो आहोत.

या वाचनातून एक अनपेक्षित गोष्ट झाली. तीच तीच नावे पुन्हा येताना दिसली. एकाच घरातली सासू आणि नंतर सून. एकाच माणसाविरुद्ध २०१० मध्ये पहिली बायको आणि २०१३ मध्ये दुसरी. वहीत आणि डोक्यात हे दिसत नव्हते, कारण कार्यकर्त्या बदलत गेल्या. ऊसतोडीच्या हंगामाआधी आणि हंगामानंतर येणाऱ्या तक्रारींचा स्वभाव वेगळा आहे असेही मला वाटू लागले आहे, पण पूर्ण वाचून झाल्याशिवाय त्यावर बोलणार नाही.

या लॅपटॉपचे दोषही सांगते, नाहीतर तुम्ही घरी जाऊन मला शिव्या द्याल. जुने मराठी पॅकेज लिनक्सवर चालत नाही. तुमच्या अंकाचे काम अजून पेजमेकरवर असेल तर ते इथे होणार नाही. टॅलीचेही तेच, आणि संस्थेच्या हिशेबाची काही सरकारी कामे विंडोजच मागतात. त्यामुळे एक विंडोज मशीन ठेवावे लागते, आमच्याकडे आहे. आमचा प्रिंटर पहिले दोन दिवस ओळखच दाखवायला तयार नव्हता, घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का हे विचारून घ्या. व्हिडिओवरची लांब बैठक या मशीनला झेपत नाही. कळफलकाची सवय हा वेगळा त्रास. आम्ही इन्स्क्रिप्ट शिकलो, त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पंधरा दिवस बोटे रडली. ज्यांची टायपिंगची सवय जुनी, त्यांना जास्त जड गेले. ब्राह्मणीच्या मुलीला आठ दिवसांत जमले.

प्रोसेसरबद्दल एक सूचना. तुमचा लॅपटॉप २००६-०७ च्या आधीचा असेल तर तो ३२ बिटांचा असण्याची शक्यता आहे. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या १३ व्या आवृत्तीपासून तसल्या मशीनवर बसवणे बंद केले. आधीची १२ वी आवृत्ती त्यावर चालते, पण तिचेही आयुष्य मोजके उरले आहे. अशा मशीनमधला मजकूर आत्ताच बाहेर काढा, मशीनचा मोह सोडा.

आणि सोडलेल्या मशीनचे काय? भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच तो द्यायचा असतो. वायरी जाळून तांबे काढणाऱ्या, पट्ट्या उकलणाऱ्या हातांत बायकांचे आणि पोरांचे हात असतात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिने कचरा वेचणाऱ्या बायकांच्या कष्टाला कामगाराचा मान मागितला. आपण ज्याला भंगार म्हणतो ते शेवटी त्यांच्यापर्यंत पोचते. देण्याआधी डिस्क मात्र काढून घ्या. आमची जुनी डिस्क आम्ही कोर्टाचे काम संपेपर्यंत सीलबंद ठेवली आहे. ते संपले की तिच्या तबकड्यांना भोके पाडायची. ते काम मावशींनी मागून घेतले आहे.

खर्च विचाराल. बाहेरची डिस्क धरून साडेसहा हजार झाले, त्यातली बाहेरची डिस्क नव्या लॅपटॉपच्या बॅकअपलाही वापरतो. प्रणालीला एक पैसा नाही.

त्या बाईंच्या प्रकरणात सहीचा कागद नाही हे खरेच आहे. न सही केलेला टाइप मसुदा एकट्याने फार वजन धरत नाही, हे वकीलताईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. पण मसुदा, त्याची तारीख, त्याच तारखेची रजिस्टरमधली नोंद आणि त्या बैठकीला हजर असलेल्या आमच्या मावशींची साक्ष, हे चार धागे एकत्र विणले की उभे राहते, असे त्यांचे म्हणणे. मसुद्याची प्रत प्रमाणपत्रासह दाखल झाली आहे. नवऱ्याच्या वकिलाने तिच्यावर हरकत घेतली आहे. युक्तिवाद पुढच्या महिन्यात आहे, ज्यांना येणे शक्य असेल त्यांनी कोर्टात येऊन बसावे. बाईंना बरे वाटेल.

दुपारनंतर शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून ठेवला आहे. ज्यांनी आपले जुने मशीन किंवा जुन्या फायलींचा पेन ड्राइव्ह आणला आहे त्यांनी तिकडे यावे. फायली आमच्या मशीनवर उतरवून घेणार नाही, तुमच्यासमोर, तुमच्याच पेन ड्राइव्हवर बघू. टाकळीमिया आणि देवळाली प्रवराच्या गटांनी आधी नावे दिली आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करते.